रायफलचा तोल: तुघलकाबाद ते शातोरू

दक्षिण दिल्लीच्या टोकाला, अरवलीच्या खडकाळ माळावर, तुघलकाबादची नेमबाजी रेंज आहे. 1982च्या आशियाई क्रीडास्पर्धांसाठी ती उभारली गेली आणि पुढे तिला डॉ. कर्णी सिंह यांचे नाव मिळाले. बिकानेरचे हे महाराज पाच ऑलिंपिक स्पर्धांत उतरले, 1962 साली कैरोच्या जागतिक स्पर्धेत त्यांनी रौप्यपदक मिळवले. पण ते सारे शॉटगनने, हवेत उडणाऱ्या मातीच्या तबकड्यांवर. गंमत अशी की, त्याच रेंजवर रायफल घेऊन उभे राहणाऱ्यांचे हत्यार नेमक्या उलट तत्त्वावर घडलेले असते. शॉटगन तबकडीच्या मागे चटकन वळली पाहिजे, म्हणून तिचे वजन दोन हातांच्या दरम्यान एकवटलेले असते. रायफल वळताच कामा नये.

किती वळता कामा नये, याचा हिशेब उद्बोधक आहे. 50 मीटर रायफलच्या लक्ष्यावर दहा गुणांचे वर्तुळ 10.4 मिलिमीटर व्यासाचे असते. नळीचे तोंड खांद्यापासून सुमारे एक मीटरवर आहे असे मानले, तर नेम केंद्रापासून त्या वर्तुळाच्या कडेपर्यंत ढळण्यास ते तोंड 0.1 मिलिमीटर हलणे पुरेसे होते. साध्या कागदाची जाडी तेवढी असते. माणसाचा श्वास, स्नायूंचा कंप, इतकेच काय, हृदयाचा ठोकाही एवढा धक्का सहज देऊन जातो.

हा धक्का थांबवता येत नाही. त्याला दाद न देणारे हत्यार मात्र बनवता येते. इथे तराजूवरचे वजन अर्धीच गोष्ट सांगते. वस्तू फिरण्यास जो विरोध करते, त्याचे माप म्हणजे जडत्व आघूर्ण, आणि ते वस्तुमानाबरोबरच अंतराच्या वर्गावर अवलंबून असते. आधार देणाऱ्या हातापासून 20 सेंटिमीटरवर 200 ग्रॅमचे वजन बसवले, तर आघूर्णात 0.008 किलोग्रॅम-वर्गमीटरची भर पडते. तेच वजन 60 सेंटिमीटरवर, नळीच्या तोंडाशी नेले, की ती भर 0.072 होते: नऊपट. तराजूचा काटा तसूभरही हलत नाही.

पण त्याची किंमत मोजावी लागते. सहा किलोच्या रायफलवर 200 ग्रॅम 40 सेंटिमीटर पुढे सरकवले, की तिचा गुरुत्वमध्य सुमारे 1.3 सेंटिमीटर पुढे जातो आणि तो भार पुढच्या हातावर येतो. उभ्या स्थितीत तर शरीर आणि रायफल मिळून एकच रचना होते. 60 किलोच्या नेमबाजाने सहा किलोची रायफल शरीराच्या मध्यापासून 30 सेंटिमीटर पुढे धरली, तर तोल पावलांवर राखण्यासाठी शरीराचा गुरुत्वमध्य तीन सेंटिमीटर मागे न्यावा लागतो. रायफल नेमबाज कमरेत मागे झुकलेला, डावे कोपर कमरेच्या हाडावर टेकवलेला दिसतो, तो यामुळे. पाहणाऱ्याला ती ढब वाटते. ते खरे तर आघूर्णांचे समीकरण असते, आणि त्याचा हप्ता पाठीचा कणा वर्षानुवर्षे फेडत राहतो.

जड रायफल इतकी उपकारक, तर ती किती जड असावी? आंतरराष्ट्रीय नियमांनी पुरुषांच्या 50 मीटर रायफलला आठ किलोंची मर्यादा घातली. महिलांच्या रायफलला दीर्घकाळ 6.5 किलोंची होती. या दीड किलोच्या फरकाचा इतिहास भौतिकशास्त्रापेक्षा गृहीतकांचा अधिक आहे. 1976च्या माँट्रियल ऑलिंपिकमध्ये थ्री पोझिशन ही स्पर्धा स्त्री-पुरुषांसाठी एकच होती. तिथे अमेरिकेच्या मार्गारेट मर्डॉक यांनी आपलेच सहकारी लॅनी बॅशम यांच्याइतके, 1162 गुण मिळवले. बरोबरी सोडवण्याच्या नियमाने सुवर्ण बॅशम यांना गेले. त्यांनी मर्डॉक यांना आपल्याबरोबर विजयमंचाच्या वरच्या पायरीवर घेतले. त्यानंतर आठच वर्षांनी, लॉस एंजेलिसला, महिलांसाठी वेगळी स्पर्धा आली आणि तिच्यासोबत हलकी 'स्टँडर्ड रायफल'. संधी वाढली हे खरेच. तुलना मात्र संपली.

ऑगस्ट 2010मध्ये कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत यांनी म्युनिकला 50 मीटर प्रोन प्रकारात 600 पैकी 597 गुण मिळवून विश्वविक्रमाची बरोबरी केली आणि त्या नेमबाजीत जागतिक विजेतेपद मिळवणाऱ्या पहिल्या भारतीय महिला ठरल्या. दोन महिन्यांनी राष्ट्रकुल स्पर्धांत, तुघलकाबादला, त्याच प्रकारात त्यांना रौप्य मिळाले. प्रोन म्हणजे पोटावर आडवे होऊन नेमबाजी: कोपरे जमिनीवर, रायफलचा भार दंडाला बांधलेल्या पट्ट्यावर. स्त्रीच्या शरीराला जड रायफल पेलणार नाही, हा युक्तिवाद जिथे सर्वांत दुबळा पडतो, ती हीच स्थिती. तरी मर्यादा तिथेही 6.5 किलोंचीच होती.

2018पासून थ्री पोझिशनमध्ये महिलांच्या फैरी 60 वरून पुरुषांइतक्या, 120 झाल्या. मार्च 2021मध्ये तुघलकाबादच्या विश्वचषकात तेजस्विनी सावंत आणि संजीव राजपूत यांनी थ्री पोझिशन मिश्र सांघिक सुवर्ण जिंकले. मर्डॉक आणि बॅशम ज्या खेळात प्रतिस्पर्धी होते, त्यात स्त्री आणि पुरुष आता एका संघाचे होते.

1 ऑगस्ट 2024 रोजी, पॅरिस ऑलिंपिकच्या शातोरू इथल्या रेंजवर, राधानगरी तालुक्यातील कांबळवाडीचे स्वप्नील कुसाळे पात्रता फेरीत 590 गुणांसह सातवे येऊन अंतिम फेरीत उतरले. त्यांच्या प्रशिक्षक दीपाली देशपांडे स्वतः अथेन्सला याच प्रकारात खेळलेल्या. गुडघ्यावरच्या फैरींनंतर स्वप्नील सहावे होते, प्रोननंतर पाचवे. उरली होती उभी स्थिती, जिथे ना जमिनीचा आधार, ना पट्ट्याचा.

दोन स्थितींच्या मधल्या काही मिनिटांत नेमबाज काय करतात, याकडे दूरचित्रवाणीचा कॅमेरा क्वचितच वळतो. पट्टा सुटतो. दस्त्याची लांबी आणि खांद्याशी टेकणाऱ्या पट्टीची उंची बदलते, गालाचा आधार वरखाली होतो, पुढच्या हाताखाली तळवा टेकण्याची उंच बैठक येते, कुणी एखादे वजन सरकवतो. रायफल तीच, पण तिचा तोल नव्याने बांधला जातो आणि त्याची परीक्षा घ्यायला सरावाच्या मोजक्या गोळ्या मिळतात. स्वप्नील यांनी तो बांधला, उभे राहिले आणि 451.4 गुणांवर तिसरे आले. 50 मीटर थ्री पोझिशनमधले ते भारताचे पहिले ऑलिंपिक पदक.