हमामाच्या माडीवरचा सेनेका

इन्स्टाग्रामवर स्टोइक तत्त्वज्ञांची वाक्यं सतत फिरत असतात. मागे पावसाचा व्हिडिओ, वर लिहिलेलं की शांतता बाहेर शोधू नका, ती आत आहे. खाली बऱ्याचदा सेनेकाचं नाव. याच विषयावर सेनेकाचं एक अख्खं पत्र आहे आणि ते शेवटपर्यंत वाचलं, तर रील बनवणाऱ्याची पंचाईत होते.

मित्र लुसिलियसला लिहिलेलं हे 56वं पत्र. सेनेका तेव्हा एका सार्वजनिक हमामाच्या वर राहत होता. रोमन हमाम म्हणजे आंघोळ, व्यायाम, मालिश, खाणं, गप्पा, सगळं एकाच छताखाली. कोणी शिशाची वजनं उचलताना कण्हतोय. मालिशवाल्याचा हात सपाट पडला की खोलगट, हे सेनेकाला वरूनच ओळखू येतं. कोणी चेंडूचे गुण मोठ्याने मोजतोय, कोणी धप्पकन हौदात उडी टाकतोय. काखेतले केस उपटून देणारा गिऱ्हाईक मिळेपर्यंत किनऱ्या आवाजात ओरडतो. मिळालं की गिऱ्हाईक ओरडतं. शिवाय सॉसेजवाला, केकवाला, प्रत्येकाची आरोळी वेगळी. आपल्याला याचा काही फरक पडत नाही, असं सेनेका म्हणतो. मग इतकी बारीक यादी कशी काय झाली बुवा?

त्याचं एक निरीक्षण ओपन ऑफिसात बसणाऱ्या कोणालाही पटेल. गोंगाट नुसता कानावर आदळतो, बोलणं मात्र मनाला ओढून नेतं. एसीच्या घरघरीत कोड लिहिता येतो. शेजारी क्लायंट कॉल चालू असेल, तर नजर त्याच ओळीवर फिरत राहते. विसाव्या शतकात मानसशास्त्रज्ञांना प्रयोगांत साधारण हेच दिसलं.

पत्र इ.स. 62 नंतरच्या दोन-तीन वर्षांतलं मानतात. सेनेका सम्राट नीरोचा शिक्षक आणि नंतर सल्लागार. 62 मध्ये त्याने निवृत्ती मागितली, मिळालेली संपत्तीही परत घ्या म्हणाला. टॅसिटस सांगतो, की नीरोने गोड बोलून नकार दिला. हे माहीत असलं, की पत्राचा पुढचा भाग वेगळा वाटतो. घर चिडीचूप आहे, नोकर दबक्या पावलांनी चालताहेत, तरी मालक कूस बदलतोय, असं सेनेका लिहितो. मग ट्रॉयमधून पळणाऱ्या ईनियसचा दाखला देतो. एरवी भाल्यांना न डगमगणारा हा वीर, पाठीवर बाप आणि सोबत मुलगा असताना वाऱ्याच्या झुळकीलाही दचकतो. ओझं आहे म्हणून भीती. नीरोच्या मर्जीवर जगणाऱ्या श्रीमंताने नेमकं हेच उदाहरण घ्यावं, हा मला योगायोग वाटत नाही.

इथवर रीलवाले खूश. पण शेवटी सेनेका स्वतःच विचारतो, की गोंगाटापासून लांब राहणं जास्त सोपं नाही का? आणि मान्य करतो, की आहे. मला फक्त स्वतःला तपासायचं होतं, आता मी जागा बदलतोय. युलिसिसने सायरनांच्या गाण्यावरसुद्धा सोपा उपाय काढला होता, मग उगाच छळ कशाला सोसायचा? तो उपाय म्हणजे खलाशांच्या कानात कोंबलेलं मेण. त्या काळचे इअरप्लगच. हेडफोन लावणाऱ्याचं मन कच्चं, असं निदान सेनेका तरी म्हणणार नाही.

हमामावरची जागा सोडणं त्याच्या हातात होतं. 65 मध्ये कटात सामील असल्याच्या आरोपावरून नीरोची माणसं आली, तेव्हा तो रोमजवळच्या आपल्या घरात बायको आणि दोन मित्रांसोबत जेवत बसला होता.