शिकार नावाची तालीम

‘तालीम’ म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे लाल माती येते, हौदा येतो, जोर-बैठका येतात. मूळ अरबी शब्दाचा अर्थ मात्र नुसता ‘शिक्षण’. मराठीने तो घेतला आणि घामाशी त्याची गाठ घालून दिली. हे दोन्ही अर्थ एका ठिकाणी पाहायचे असतील, तर तेराव्या शतकातल्या मंगोलांची शिकार पाहावी.

अता-मलिक जुवैनी या इराणी इतिहासकाराने तिचे वर्णन करून ठेवले आहे. चंगेजखान शिकारीला करमणूक मानीत नसे. हाताला धनुष्याची आणि अंगाला कष्टाची सवय राहावी, म्हणून शिपायाने शिकार केलीच पाहिजे, असा त्याचा दंडक. हिवाळ्याच्या तोंडाला सारे सैन्य उजवी, डावी आणि मधली फळी धरून निघे आणि अफाट मुलखाला कडे घाली. आपल्याकडे हाका एखाद्या दिवसाचा. हा हाका महिना, दोन महिने, कधी तीन महिनेही चाले. कडे हळूहळू आवळत आणायचे आणि एकही जनावर निसटू द्यायचे नाही. निसटले तर दहांच्या, शंभरांच्या, हजारांच्या नायकाला फटके बसत. प्रसंगी जीवही जाई. शरीर तर कसले जाईच, पण शेजारच्या घोडेस्वाराशी ओळ राखायची शिस्तही अंगात मुरे.

कडे मिटले की आधी खान आत शिरे, मग सरदार, मग शिपाई. शेवटी मोजकी, जखमी जनावरे उरत. तेव्हा पांढऱ्या दाढीचे वृद्ध खानापुढे येत, त्याला दुवा देत आणि म्हणत, यांना आता चाऱ्या-पाण्याकडे जाऊ द्या. या तालमीत दयेचाही एक धडा होता.

तो रणांगणावर पोचला नाही. हेच कडे पुढे शहरांभोवती पडले. १२२१ मध्ये निशापूर पडले, तेव्हा तिथल्या माणसांच्या वाट्याला अशी दया आली नाही.

ही शिकार पुढे ‘कमरगा’ या नावाने मोगलांकडे आली. १५६७ मध्ये लाहोरजवळ अकबराने असा कमरगा केला आणि पाच दिवस शिकार खेळली. त्या प्रसंगाच्या ‘अकबरनामा’तील चित्रात एका कडेला हमीद बकरी नावाचा अधिकारी दिसतो. गैरवर्तनाबद्दल त्याचे मुंडण करून त्याला गाढवावर बसवले आहे. शिस्तीचा काच तोच होता.

मात्र १५७८ मध्ये झेलमच्या काठी, भेऱ्याजवळ वेगळेच घडले. कडे पडले होते, जनावरे गोळा होत होती. अकबराच्या मनात काय आले कोण जाणे, त्याने एकाएकी शिकार थांबवली आणि जनावरे सोडून द्यायला सांगितली. इथे कोणा वृद्धाला विनवावे लागले नाही. हजारो माणसे एका हुकमासरशी मागे सरली. कडे धरायला जी तालीम लागली होती, तीच ते सोडतानाही कामी आली.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)