मनोरंजन उद्यानातील अभ्यागत-गट व त्यांचे वर्तन

मनोरंजन उद्यानात येणारे लोक कोणाच्या सोबतीने येतात, कोणत्या खेळापासून सुरुवात करतात, रांगेत किती वेळ काढतात, कुठे टेकतात, काय खातात आणि केव्हा निघतात, यांच्या नोंदी घेऊन त्यांचे प्रकार पाडण्याचा अभ्यास. खेळांची क्षमता, रांगांची आखणी, उपाहारगृहांच्या जागा, तिकिटांचे दर आणि गर्दीतली सुरक्षितता ठरवताना त्याचा उपयोग होतो. या अभ्यासात माणशी हिशेब फार पुढे नेत नाही. उद्यानात एकट्याने येणारे थोडेच, आणि पुढे कुठे जायचे हे बहुतेक वेळा गट ठरवतो. त्यातही गटाचा दिवस कसा जाईल हे सर्वांत उत्साही माणसापेक्षा सर्वांत अडलेल्या माणसावर अवलंबून असते. कुणाची उंची भरत नाही, कुणाचे गुडघे दुखतात, कुणाची बस पाचला सुटते. म्हणून गटात किती माणसे आहेत यापेक्षा त्याला कशाने बांधून ठेवले आहे, हे पाहणारे वर्गीकरण अधिक कामाचे ठरते.

या विषयाची पद्धतशीर सुरुवात डिस्नीलँडपासून धरायला हरकत नाही. १९५३ साली वॉल्ट डिस्नी यांनी स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटकडून जागेची निवड आणि आर्थिक व्यवहार्यता यांचे अभ्यास करून घेतले. ते काम हॅरिसन प्राइस यांच्याकडे होते. त्यांच्या शिफारशीनुसार कॅलिफोर्नियातील ॲनाहाइम येथे १७ जुलै १९५५ रोजी उद्यान सुरू झाले. वर्षाला किती लोक येतील एवढ्यावर न थांबता, गर्दीच्या दिवशी एका वेळी आत किती असतील हे काढायचे आणि रस्ते, स्वच्छतागृहे, खेळ त्या आकड्यावर बेतायचे, ही रीत या व्यवसायात रूढ करण्याचे श्रेय प्राइस यांना दिले जाते. वर्षातल्या सर्वांत मोठ्या एकाच दिवसासाठी बांधले तर उरलेले दिवस उद्यान रिकामे दिसते आणि पैसा अडकतो. सरासरी दिवसासाठी बांधले तर सुटीच्या दिवशी लोक वैतागून परततात. हिशेब या दोहोंच्या मधल्या दिवसावर करतात.

डिस्नीलँडमध्ये सुरुवातीला प्रत्येक खेळाचे वेगळे तिकीट काढावे लागे; काही महिन्यांतच कूपनांच्या पुस्तिका आल्या. कूपनांचे ए, बी, सी असे वर्ग होते. १९५६ मध्ये डी आणि १९५९ मध्ये ई हा सर्वांत वरचा वर्ग आला. या पुस्तिकांनी नकळत वर्तनाची नोंदवहीच पुरवली. कोणत्या खेळावर किती कूपने जमली हे संध्याकाळी मोजता येई. ई वर्गाची कूपने आधी संपत आणि ए, बी वर्गाची अनेक घरांत वर्षानुवर्षे पडून राहत. १९६१ साली सुरू झालेल्या ‘सिक्स फ्लॅग्ज ओव्हर टेक्सास’ने एकाच तिकिटात सगळे खेळ ही पद्धत यशस्वी करून दाखवली आणि १९८२ मध्ये डिस्नीलँडनेही कूपने बंद केली. ग्राहकाला हे सोयीचे झाले, पण विश्लेषकाची पंचाईत झाली. निवडीला पैशांची किंमत उरली नाही, ती वेळात मोजली जाऊ लागली आणि मोठ्या खेळांपुढच्या रांगा वाढल्या. आपल्याकडच्या जत्रेत आकाशपाळण्याचे आणि मौत का कुआँचे पैसे आजही वेगवेगळे द्यावे लागतात. तिथे बाप मुलांना दोनच पाळण्यांत बसवून बाहेर काढतो. एकदाच तिकीट काढलेल्या उद्यानात तोच बाप पैसे वसूल झाल्याशिवाय हलत नाही.

गटांचे प्रकार. लहान मुलांचे कुटुंब हा बहुतेक उद्यानांचा कणा. ते सकाळी लवकर येते, बाळगाडी आणि पिशव्या घेऊन हळू चालते, छोट्या खेळांच्या भागात बराच काळ काढते आणि दुपारी मूल पेंगले की निघायच्या गोष्टी सुरू होतात. उंचीची अट या गटाला मधोमध चिरते. डिस्नीलँडच्या ‘स्पेस माउंटन’ला किमान उंची १०२ सेंटिमीटर लागते. सहा वर्षांची ताई आत जाते आणि तीन वर्षांचा धाकटा बाहेर रडत राहतो. त्यावर अनेक उद्यानांनी आळीपाळीची सोय केली आहे: एक पालक मुलापाशी थांबतो, दुसरा बसून येतो, मग पुन्हा पूर्ण रांग न लावता पहिला जातो. हालचालींच्या नोंदींत हा प्रकार चटकन ओळखू येतो. एकाच खेळावर दोन प्रौढांच्या नोंदी थोड्या अंतराने पडतात आणि मधल्या काळात तिसरी, कुठेच न बसणारी नोंद शेजारच्या बाकावर स्थिर असते. तिला कंटाळलेला ग्राहक समजून हिशेबातून वगळले, तर विश्लेषण तिथेच फसते. त्या बाकाजवळ सावली आणि पिण्याचे पाणी हवे, हा त्या नोंदीचा खरा अर्थ.

तीन पिढ्यांचे कुटुंब भारतात विशेष दिसते. त्याचा एक तळ असतो. आजी-आजोबा सावलीत सामान सांभाळत बसतात, बाकीचे चारी दिशांना जाऊन तिथेच परततात. अशा गटाचा नकाशा काढला तर एका बिंदूपासून निघालेल्या आणि पुन्हा तिथेच मिळालेल्या रेघा दिसतात. या गटाचे समाधान मोठ्या रोलर कोस्टरवर कमी आणि बसायच्या जागेवर जास्त ठरते, पण जाहिराती मात्र कोस्टरच्याच होतात.

शाळेची सहल हा याच्या अगदी उलट, घट्ट बांधलेला गट. दोन-तीन बसगाड्या एकदम येतात, फाटकाशी हजेरी होते, शिट्टी वाजते, रांग लागते. संख्या मोठी, पण निर्णय दोन शिक्षकांचा. जेवणाची वेळ ठरलेली, परतीची त्याहून ठरलेली. ही मुले उपाहारगृहात फारशी येत नाहीत, कारण डबा घरचा किंवा जेवण आधीच ठरवलेले असते. खाऊ आणि टोपी-चष्म्याच्या दुकानात मात्र एकच झुंबड उडते. महाराष्ट्रात सहलींचा मोसम साधारण हिवाळ्याचा, म्हणजे उन्हाळी सुटीतल्या कुटुंबांची गर्दी नसते तेव्हाचा. त्यामुळे दर कमी ठेवूनही उद्यानाला हा गट परवडतो. शंभर-दीडशे मुले एका खेळासमोर एकदम उतरल्यावर मागे उभ्या असलेल्या चार जणांच्या कुटुंबाचे काय होते, हे मात्र दिवसाच्या एकूण आकड्यांत कुठेच उमटत नाही.

महाविद्यालयीन मित्रांचे टोळके वेगवान खेळांकडे थेट जाते, आवडलेला खेळ पुन्हा पुन्हा घेते, फुटते आणि फोनवरून पुन्हा जमते. जोडपी कमी चालतात, जास्त बसतात आणि संध्याकाळपर्यंत रेंगाळतात. कचेरीची सहल किंवा भिशीमंडळ यांत जेवण आणि एकत्र फोटो हाच मुख्य कार्यक्रम. वार्षिक पास असलेले स्थानिक लोक दोन-तीन तासांपुरते येतात आणि गर्दीचा अंदाज त्यांना उद्यानाच्या कर्मचाऱ्यांइतकाच असतो.

गटाच्या आकड्याला महत्त्व आहे ते आसनांमुळे. समजा, एका गाडीत दोन-दोन आसनांच्या १२ ओळी आहेत, म्हणजे २४ जागा, आणि दर मिनिटाला एक गाडी सुटते. कागदावरची क्षमता ताशी १,४४० माणसांची. आलेले सगळे गट तिघांचे असले आणि प्रत्येकाने दोन ओळी अडवल्या, तर एका गाडीत १८ जणच बसतात. क्षमता १,०८० वर येते. यंत्र तेच, वीज तीच, रांग मात्र लांबते. एकट्याने बसायला तयार असणाऱ्यांसाठी वेगळी रांग ठेवून त्या रिकाम्या जागा भरायच्या, ही युक्ती यातूनच रुळली. लहान मुलांच्या कुटुंबाला तिचा उपयोग नाही. मित्रांच्या टोळक्याला आहे, कारण पाच मिनिटांच्या ताटातुटीने त्यांचे काही बिघडत नाही.

नोंदी घेण्याच्या पद्धती. टर्नस्टाइलवरची मोजणी सर्वांत जुनी आणि अजूनही सर्वांत भरवशाची. ती किती आले एवढेच सांगते, कोणाबरोबर आले ते सांगत नाही. बाहेर पडताना विचारलेली प्रश्नावली ते सांगते, पण थकलेली माणसे रांगेतल्या वेळाविषयी ठोकून देतात. पुढे उपग्रहावर चालणारी स्थाननोंद यंत्रे लोकांच्या हाती देऊन अभ्यास झाले. स्पेनमधील कॅटलोनियातल्या पोर्टअव्हेंचुरा उद्यानातला, २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास त्यांपैकी एक. त्यात लोक कुठे गेले यासोबत दिवसाच्या कोणत्या प्रहरी काय करत होते याच्या क्रमाला महत्त्व दिले होते. त्याच वर्षी फ्लोरिडातल्या डिस्नी वर्ल्डमध्ये मनगटी ‘मॅजिकबँड’ आले. तिकीट, खोलीची किल्ली आणि खरेदी एकाच पट्ट्यावर आल्याने संपूर्ण कुटुंबाचा दिवस एका खात्याखाली दिसू लागला.

नुसत्या हालचालींवरून गट कसे ओळखायचे, यासाठीचे उत्तम सरावाचे उदाहरण काल्पनिक आहे. दृश्य-विश्लेषणाच्या ‘व्हास्ट चॅलेंज’ या स्पर्धेत २०१५ साली ‘डायनोफन वर्ल्ड’ नावाचे उद्यान रचले गेले. जून २०१४ मधल्या शुक्रवार ते रविवार अशा तीन दिवसांच्या कृत्रिम नोंदी स्पर्धकांना दिल्या: वेळ, व्यक्तीचा क्रमांक, नकाशावरची जागा, आणि ती व्यक्ती चालते आहे की एखाद्या खेळावर तिने हजेरी लावली आहे. सोबत कोणी कोणाला केव्हा आणि कुठून संदेश पाठवला याची वेगळी यादी होती, संदेशातला मजकूर नव्हता. स्कॉट जोन्स या काल्पनिक फुटबॉलपटूच्या सन्मानार्थ भरलेल्या कार्यक्रमात त्याच्या स्मृतिचिन्हांच्या दालनाची नासधूस होते, अशी कथा. पण पहिला प्रश्न गुन्ह्याचा नव्हताच. उद्यानातले जास्तीत जास्त १२ गटप्रकार ओळखा, प्रत्येकाचा आकार, आवडती ठिकाणे आणि प्रमाण सांगा, आणि त्या गटासाठी उद्यानात एक सुधारणा सुचवायची तर कोणती, असे विचारले होते. शेवटचा उपप्रश्न मला सर्वांत मार्मिक वाटतो, कारण सुधारणा सुचत नसेल तर पाडलेला प्रकार केवळ नाव देण्यापुरता आहे.

असा गट शोधताना ठरलेली चूक म्हणजे एकत्र दिसणाऱ्यांना एकत्र आलेले समजणे. कार्यक्रम सुटला की शेकडो अनोळखी लोक एकाच वेळी, एकाच वाटेने, एकाच वेगाने बाहेर पडतात. म्हणून एका क्षणाची जवळीक धरत नाहीत. प्रवेश बरोबर, अनेक खेळांवरच्या हजेऱ्या त्याच क्रमाने बरोबर आणि निर्गमनही बरोबर, अशी साखळी जुळावी लागते. दुपारी फुटून संध्याकाळी जमणारी मंडळी या कसोटीतूनही निसटतात. ती मग संदेशांच्या यादीत सापडतात: वेगळे झाले की बोलणे वाढते, पुन्हा भेटले की थांबते.

उपयोग आणि गैरफायदा. डिस्नी वर्ल्डमधल्या सिंड्रेलाच्या किल्ल्याखाली कॅमेरे व संगणकी नकाशे लावून गर्दीवर नजर ठेवणारे केंद्र असल्याचे २०१० मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने लिहिले. एखाद्या खेळाची रांग वाढली की तिथे जादा गाड्या सोडायच्या किंवा वेषधारी पात्र पाठवून लोकांना रिझवायचे; एक भाग तुंबला की मोकळ्या भागाकडे छोटी मिरवणूक काढून लोक तिकडे ओढायचे. ४० हून अधिक खेळांपैकी सरासरी माणसाच्या वाट्याला ९ येत होते, ते या खटपटीने १० झाले, असे त्या बातमीत होते. एवढ्या यंत्रणेतून एका खेळाची वाढ, यावरून गर्दी किती चिवट असते ते कळते.

रांग कमी करता येत नसेल तर ती कमी वाटेल असे करतात. डेव्हिड मेस्टर यांनी १९८५ मध्ये प्रतीक्षेच्या मानसशास्त्रावर लिहिताना रिकामा वेळ भरलेल्या वेळेपेक्षा आणि एकट्याची प्रतीक्षा सोबतीतल्या प्रतीक्षेपेक्षा लांब वाटते, असे मांडले. रांगेतली चित्रे, पडदे आणि ‘इथून ४५ मिनिटे’ असे फलक यांमागे हाच विचार आहे.

सोयी दिल्या की त्यांच्याभोवती खोटे गट तयार होतात. अपंग व्यक्ती आणि तिच्या सोबत्यांना रांगेतून मिळणाऱ्या सवलतीसाठी काही श्रीमंत कुटुंबे अपंग वाटाड्या भाड्याने घेत असल्याच्या बातम्या २०१३ मध्ये न्यूयॉर्कच्या वृत्तपत्रात आल्या. त्याच वर्षाच्या ऑक्टोबरमध्ये डिस्नीने सवलतीची पद्धत बदलली आणि थेट प्रवेशाऐवजी परत येण्याची वेळ देण्यास सुरुवात केली. त्याचा जाच खऱ्या गरजवंतांनाही झाला.

महाराष्ट्रातील स्थिती. उद्यानाकडे जाण्याची वाट गटांचे रूप किती बदलते, हे गोराईच्या एस्सेलवर्ल्डवरून दिसे. १९८९ मध्ये सुरू झालेल्या आणि आता बंद असलेल्या या उद्यानात पुष्कळ लोक मार्वे किंवा गोराई जेट्टीवरून बोटीने येत. त्यामुळे गर्दी धारेने न येता बोटीबोटीने उतरे आणि संध्याकाळी परतीच्या बोटीकडे डोळे लागत. खोपोलीजवळ २०१३ साली सुरू झालेले इमॅजिका मुंबई-पुणे द्रुतगती मार्गापासून जवळचे. तिथे मुंबई आणि पुणे दोन्हीकडून गाड्या येतात, आणि घाटातल्या कोंडीचा परिणाम थेट तिकीटखिडकीवर होतो. शेजारी जलउद्यान आल्यावर एकाच कुटुंबातले काही कोरडे, काही ओले असा नवा पेच तयार झाला. भाड्याचे पोहण्याचे कपडे, लॉकर आणि कपडे बदलायच्या खोल्या यांच्या रांगा जलउद्यानात घसरगुंड्यांच्या रांगांइतक्याच मोजाव्या लागतात.

भारतात पुढे या अभ्यासाला कायद्याची चौकट सांभाळावी लागणार आहे. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने १८ वर्षांखालील व्यक्तीला बालक मानले आहे आणि बालकांचा माग काढण्यास किंवा त्यांच्या वर्तनावर डिजिटल पाळत ठेवण्यास, सरकारने दिलेल्या सवलती वगळता, मनाई केली आहे. शाळेच्या सहलीतल्या मुलाच्या मनगटावर नोंद ठेवणारा पट्टा बांधण्याआधी उद्यानाला हे कलम वाचावे लागेल.