दुर्मिळतेचा व्यापार आणि नफ्याची मर्यादा

वस्तूची किंमत तिच्या उपयोगावरून ठरते, असें सामान्यतः समजलें जातें. परंतु कांहीं वस्तु अशा असतात कीं, त्यांचा उपयोग संपल्यावरच त्यांची किंमत वाढूं लागते. चलनांतून गेलेलें नाणें कोणी दुकानदार घेत नाहीं. पण संग्राहक त्यासाठीं मूळ किंमतीच्या कित्येक पट रक्कम आनंदानें मोजतो. जुन्या तिकिटावर आज पत्र जात नाहीं. पण तें तिकीट मात्र देशोदेशीं फिरतें. अशी वस्तु स्वस्त घेऊन महाग विकणें हा उद्योग न्याय्य कीं अन्याय्य, हा प्रश्न वरवर पाहतां श्रीमंतांच्या छंदाचा वाटेल. वस्तुतः तो खेड्यापाड्यांतील सामान्य माणसाच्या दारापर्यंत येऊन पोंचलेला आहे.

बुलढाणा जिल्ह्यांत मलकापूर आणि नांदुरा यांच्यामध्यें हमरस्त्यावर वडनेर भोलजी हें गांव आहे. वऱ्हाडच्या अशा गांवांतून लक्ष्मीपूजनाच्या ताटांत वडिलोपार्जित राणीछाप रुपया ठेवण्याची चाल जुनी आहे. कोणाच्या देवघरांत एखादी झिजलेली शिवराई सांपडते, कोणाच्या डब्यांत भोकाचा पैसा असतो. घरच्या माणसांना त्यांचें मोल श्रद्धेनें ठाऊक असतें, बाजारानें नव्हे. नेमक्या याच अंतरांत दुर्मिळ वस्तूंचा व्यापारी उभा राहतो. त्याचें वर्तन कोणत्या मापानें मोजावें, हें समजण्यासाठीं थोडें मागें जाणें इष्ट होईल.

एके काळीं वऱ्हाडांत एकच एक रुपया चालत नव्हता. नागपूरकर भोसल्यांचा रुपया निराळा, एलिचपूरच्या टांकसाळीचा निराळा, हैदराबादेकडून येणारा निराळा. प्रत्येकाचें वजन व कस वेगळा असल्यामुळें बाजारांत सराफाशिवाय पान हलत नसे. सराफ नाणें वाजवून पाही, कसास लावी, आणि परक्या किंवा झिजलेल्या नाण्यावर बट्टा कापून चालू रुपया देई. हा बट्टा म्हणजे नाण्याच्या खरेदीविक्रीवरील नफाच होय. तरीहि समाजानें त्यास मुळांत अन्याय मानलें नाहीं. कारण सराफ पारख करीत असे आणि खोट्या नाण्याचा धोका स्वतःच्या अंगावर घेत असे. लोकांचा रोष होई तो खेडुताचें अज्ञान पाहून दुप्पट बट्टा कापणाऱ्या सराफावर. पुढें १८३५ च्या कायद्यानें कंपनी सरकारनें आपल्या मुलुखांत एकसारखा रुपया सुरू केला, १८५३ सालीं वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखालीं आला, आणि हळूहळू निरनिराळे रुपये व्यवहारांतून नाहींसे झाले. व्यवहारांतून गेलेलीं तींच नाणीं आज संग्राहकांच्या पेट्यांतून मोलाचीं ठरलीं आहेत. बट्टा कापून घेतला जाणारा रुपया आतां अधिमूल्यानें विकला जातो, हा काळाचा महिमा होय.

नफ्याच्या मर्यादेचा विचार आपल्या शास्त्रकारांनींहि केलेला आहे. याज्ञवल्क्यस्मृतीच्या व्यवहाराध्यायांत स्वदेशींच्या मालावर शेंकडा ५ आणि परदेशांतून आणलेल्या मालावर शेंकडा १० इतका नफा व्यापाऱ्यानें घ्यावा, असा नियम आढळतो. त्यांतील एक बारकावा विशेष ध्यानांत धरण्याजोगा आहे. हें प्रमाण, जो माल घेऊन लागलीच विकून टाकतो त्याच्यासाठीं सांगितलें आहे. कल्याणीच्या चालुक्यांच्या राज्यांत विज्ञानेश्वरानें लिहिलेल्या मिताक्षरा टीकेंत असें स्पष्ट केलें आहे कीं, जो कालांतरानें विकतो त्याचा लाभ काळाच्या मानानें अधिक धरावा. शिवाय ज्या व्यापाऱ्यांनीं आपसांत संगनमत करून माल अडवून धरला आणि अयोग्य भावानें विकला, त्यांना त्याच स्मृतींत भारी दंड सांगितला आहे. म्हणजे शास्त्रकारांच्या दृष्टीनें तीन व्यापारी तीन प्रकारचे झाले. एक माल घेऊन तत्काळ विकणारा. त्याचें श्रम थोडे, म्हणून नफा थोडा. दुसरा माल सांभाळून ठेवणारा. त्याचें भांडवल अडकतें, धोका वाढतो, म्हणून नफाहि वाढतो. तिसरा वाट अडविणारा. त्याच्या वांट्यास नफ्याऐवजीं दंड येतो. स्मृतिकारांपुढें धान्य, वस्त्र, मीठ असा नित्याचा माल होता. तथापि हा विवेक आजच्या दुर्मिळ वस्तूंच्या बाजारासहि तंतोतंत लागू पडतो.

आजच्या बाजारांत एक गोष्ट मात्र नवी आहे. शिवराई दुर्मिळ व्हावी म्हणून कोणी पाडली नव्हती. रायगडावर १६७४ सालीं राज्याभिषेक झाला, तेव्हां स्वराज्याचे जे सुवर्णहोन निघाले तेहि सार्वभौमत्वाची खूण म्हणून. पुढें त्यांतील फारच थोडे उरले, आणि त्यामुळें त्यांस आजची किंमत आली. ही काळानें केलेली दुर्मिळता होय. अलीकडे मात्र दुर्मिळता आरंभींच ठरवून दिली जाते. स्वतंत्र भारतानें १९६४ सालीं पंडित जवाहरलाल नेहरूंच्या स्मरणार्थ पहिलीं स्मारक नाणीं काढलीं. १९६९ सालीं गांधी जन्मशताब्दीनिमित्त इतर नाण्यांबरोबर दहा रुपयांचें चांदीचें नाणेंहि निघालें. १९९९ सालीं छत्रपति शिवाजी महाराजांची प्रतिमा असलेलें दोन रुपयांचें नाणें लोकांच्या हातीं आलें. यांपैकीं कांहीं नाणीं बाजारांत चालविण्यासाठीं असतात, तर कांहीं केवळ संग्राहकांसाठीं मर्यादित संख्येनें पाडलीं जातात, आणि टांकसाळ स्वतःच तीं दर्शनी मूल्याहून अधिक किंमतीस विकते. अशा वेळीं एखाद्या धनिकानें निरनिराळ्या नांवांनीं शेंकडों संच मागवून ठेवले आणि दुसऱ्याच महिन्यांत दुप्पट भावानें विकण्यास काढले, तर त्यानें केलें काय? पारख टांकसाळीनें केली. नाणें अस्सल असल्याची ग्वाही सरकारनें दिली. सांभाळण्याचे श्रम महिन्याभराचेहि नाहींत. त्यानें फक्त इतरांच्या अगोदर दार गांठलें आणि तें अडवून धरलें. शाळेंत शिकणारा जो मुलगा खाऊचे पैसे सांठवून एक संच घेणार होता, त्याच्या खिशांतून हा नफा निघाला. मिताक्षरेच्या मापानें हा तिसऱ्या प्रकारचा व्यापारी ठरतो.

मर्यादित संख्येच्या प्रश्नाचें सर्वांत बोलकें उदाहरण आपल्याच टपालाच्या इतिहासांत आहे. १५ ऑगस्ट १९४८ रोजीं, स्वातंत्र्याच्या पहिल्या वर्धापनदिनीं, महात्मा गांधींच्या चित्राचीं चार तिकिटें निघालीं: दीड आणा, साडेतीन आणे, बारा आणे आणि दहा रुपये. स्वित्झर्लंडमधील कूर्व्हाझिए या प्रसिद्ध छापखान्यांत तीं छापलीं गेलीं, आणि त्यांवर नागरी व उर्दू या दोन्ही लिपींत ‘बापू’ हा शब्द होता. हीं तिकिटें टपाल कचेरीच्या खिडकीवर कोणासहि मिळत. मात्र त्या काळीं दहा रुपये ही मजुराच्या आंवाक्याबाहेरची रक्कम होती. त्याच तिकिटांपैकीं थोड्यांवर ‘सर्व्हिस’ हा शब्द नाशिकच्या सरकारी छापखान्यांत वरून छापण्यांत आला. तीं गव्हर्नर जनरलच्या कचेरीसाठीं होतीं. दहा रुपयांचीं अशीं तिकिटें अवघीं १०० निघालीं. तीं खिडकीवर कधींच आलीं नाहींत. त्यांतील कांहीं मान्यवरांस भेटीदाखल गेलीं. २०१७ सालीं लंडनच्या स्टॅन्ली गिबन्स या जुन्या पेढीनें अशा चार तिकिटांची एक जोडपट्टी ५ लक्ष पौंडांस विकली. चाळीस रुपयांच्या कागदाची ही किंमत!

आयुष्यभर अपरिग्रह शिकविणाऱ्या पुरुषाच्या चित्रास असा भाव यावा, हें पाहून पुष्कळांच्या भुवया वर जातील. परंतु दोष नेमका कोठें आहे, हें शांतपणें पाहिलें पाहिजे. ज्या संग्राहकानें खुल्या बाजारांत पूर्ण किंमत देऊन तीं घेतलीं आणि जीवापाड जपलीं, त्यानें कोणास फसविलें नाहीं. विकणाऱ्या पेढीनेंहि वस्तु खरी असल्याची हमी आपल्या नांवावर घेतली. न्यून आहे तें उगमापाशीं. सार्वजनिक पैशानें छापलेली वस्तु जेव्हां सर्वांस समान रीतीनें न मिळतां अधिकाराच्या जवळ असणाऱ्यांस मिळते, तेव्हां तिच्यावरचा पुढचा सगळा नफा त्या जवळिकीचा नफा असतो. यावरून एक धडा मिळतो. मर्यादित वस्तु काढणाऱ्यानें संख्या आधीं जाहीर करावी, वांटणी सर्वांस सारखी ठेवावी, आणि एका हातीं ढीग जाऊं देऊं नये. तेवढें झालें कीं अडवणुकीचें निम्में बळ नाहींसें होतें.

स्वतः गांधीजींनीं दुर्मिळतेस किंमत लावण्याचें वावडें धरलें नव्हतें. नोव्हेंबर १९३३ मध्यें वर्ध्याहून त्यांचा हरिजन दौरा सुरू झाला आणि वऱ्हाडांतूनहि गेला. त्या दौऱ्यांत मानपत्रांबरोबर मिळालेल्या पेट्या व इतर भेटी ते भरसभेंत लिलांवास काढीत. स्वाक्षरी मागणाऱ्याकडून ते हरिजन फंडासाठीं पांच रुपये घेत. कागदाच्या चिठोऱ्यास पांच रुपये आणि लहानशा पेटीस तिच्या धातूच्या कितीतरी पट किंमत, ही नफेखोरी नव्हती काय? नव्हती, कारण तेथें कांहींच झांकलेलें नव्हतें. घेणाऱ्यास ठाऊक असे कीं, आपण धातूची किंमत देत नसून एका कार्यास पैसा देत आहों. पैसा कोणाकडे जातो हें सभेंतील लहान मुलासहि कळत असे. किंमत मोठी होती म्हणून व्यवहार मलिन झाला नाहीं. उघडेपणामुळें तो शुद्ध राहिला.

आतां पुन्हां वडनेर भोलजीसारख्या गांवाकडे वळूं. येथें माणसावर संकट दोन बाजूंनीं येतें. पहिल्या बाजूनें दारोदार फिरणारा खरेदीदार येतो. तो जुना रुपया चांदीच्या भावानें आणि शिवराई तांब्याच्या भावानें तोलून नेतो, आणि शहरांत जाणत्यास शतपट किंमतीनें विकतो. जाणत्याला ज्ञानाचा मोबदला मिळावा हें खरें. परंतु दुसऱ्याच्या अज्ञानावरच जेव्हां सगळी कमाई उभी असते, तेव्हां तो मोबदला राहत नाहीं. दुसऱ्या बाजूनें फोनवरून भूल घालणारा येतो. वैष्णोदेवी मंदिर मंडळाच्या रौप्यमहोत्सवानिमित्त निघालेलीं, २०१२ सालाचीं पांच व दहा रुपयांचीं नाणीं, किंवा विशिष्ट अंकांच्या नोटा लाखो रुपयांस विकल्या जातात, अशी हांकाटी तो पिटतो. गरजू माणूस आपल्या नाण्याचें चित्र पाठवितो. मग नोंदणीची फी, दलाली, कर अशा नांवांखालीं त्याच्याकडूनच पैसे उकळले जातात. असे लोक रिझर्व्ह बँकेचें नांव व बोधचिन्हहि वापरूं लागले, तेव्हां ऑगस्ट १९२१ नव्हे, अगदीं अलीकडे, ऑगस्ट २०२१ मध्यें त्या बँकेस जाहीर करावें लागलें कीं, अशा खरेदीविक्रीशीं आपला कांहीं संबंध नाहीं आणि त्यासाठीं आपण कोणाकडूनहि शुल्क मागत नाहीं.

कायद्याच्याहि कांहीं गोष्टी खेड्यांतील माणसास ठाऊक असल्या पाहिजेत. नांगराच्या फाळास लागलेलें, जमिनींत पुरलेलें धन दहा रुपयांहून अधिक किंमतीचें असल्यास १८७८ च्या निखात निधि कायद्याप्रमाणें तें कलेक्टरास कळविणें प्राप्त आहे. शंभर वर्षांहून जुन्या नाण्यांचा व इतर पुराणवस्तूंचा व्यापार करावयाचा तर १९७२ च्या कायद्याप्रमाणें परवाना लागतो, आणि अशी वस्तु खाजगी माणसास देशाबाहेर नेतां येत नाहीं. हे निर्बंध जाचक वाटले तरी त्यांमागें हेतु आहे. शेतांत एकत्र सांपडलेलीं नाणीं एकत्रच अभ्यासलीं गेलीं, तर त्यांवरून त्या प्रदेशाचा व्यापार, राजवट, दुष्काळ वा स्वारी यांचा सुगावा लागतो. तींच वांटून विकलीं कीं प्रत्येक नाण्यास किंमत येते, पण इतिहास नष्ट होतो.

जुन्या वस्तु गोळा करणारा प्रत्येक जण नफ्यासाठींच तें करतो असेंहि नव्हे. पुण्याच्या दिनकर गंगाधर केळकर यांनीं गांवोगांव हिंडून दिवे, अडकित्ते, दौती, वाद्यें, दारांच्या चौकटी अशा हजारों वस्तु पैसा खर्चून जमविल्या. त्या विकून ते धनाढ्य होऊं शकले असते. त्यांनीं तो सारा संग्रह आपल्या दिवंगत पुत्राच्या, राजाच्या, नांवानें संग्रहालय करून शासनाच्या स्वाधीन केला. प्रत्येकानें केळकर व्हावें अशी अपेक्षा करणें व्यवहाराला धरून होणार नाहीं. व्यापाऱ्यास पोट आहे, आणि व्यापारी नसता तर कित्येक नाणीं सोनाराच्या मुशींत केव्हांच वितळून गेलीं असतीं, हेंहि मान्य केलें पाहिजे.

तेव्हां निष्कर्ष इतकाच कीं, दुर्मिळ वस्तु नफ्यानें विकणें हें पाप नव्हे. विकणाऱ्यानें पारख केली असेल, काळ सोसला असेल, खरेपणाची जबाबदारी घेतली असेल, तर त्याचा नफा त्याच्या कष्टाचा आहे. सर्वांसाठीं असलेल्या वस्तूची वाट अडवून, किंवा समोरच्याचें अज्ञान तसेंच ठेवून मिळविलेला पैसा मात्र त्याचा नव्हे. व्यवहार शुद्ध कीं अशुद्ध हें ओळखण्याची खूणहि सोपी आहे. नाणें विकणाऱ्या शेतकऱ्यासमोर त्या नाण्याचा शहरांतील भाव उच्चारून दाखविण्याची ज्याची तयारी आहे, त्या व्यापाऱ्याशीं खुशाल सौदा करावा. ज्याची तशी तयारी नाहीं, त्यास ताटांतला राणीछाप रुपया ताटांतच राहूं द्या, असें नम्रपणें सांगावें.