वादळातून वाचले, पण जखमेत बुरशी शिरली: जॉप्लिन, २०११

आज बोलूया बुरशीबद्दल. शिळ्या भाकरीवर येते ती नाही, जखमेत वाढणारी.

२२ मे २०११, रविवार. अमेरिकेतल्या मिसुरी राज्यातलं जॉप्लिन शहर. संध्याकाळी पावणेसहाच्या सुमारास तिथं टोर्नॅडो घुसला, ईएफ-५, म्हणजे सगळ्यात वरच्या श्रेणीचा. दीडशेहून जास्त माणसं गेली, हजारावर जखमी झाली. शहरातलं एक मोठं हॉस्पिटलसुद्धा मोडून पडलं. वाऱ्यानं लाकडाच्या ढलप्या, काचा आणि माती लोकांच्या अंगात खोल घुसवली होती.

जे वाचले, त्यांच्यातल्या काहींच्या जखमा पुढच्या दिवसांत काळ्या पडायला लागल्या. अँटिबायोटिकचा उपयोग होईना, कारण ते जिवाणूंना मारतं, बुरशीला नाही. शेवटी १३ जणांना म्युकरमायकोसिस झाल्याचं नक्की झालं. त्यातले ५ दगावले.

बुरशीचं नाव अपोफायसोमायसिस. राहते मातीत. या कुळाची पहिली नोंद १९७९ सालची, आणि तीही आपल्या उत्तर भारतातल्या एका आमराईच्या मातीतून! जॉप्लिनच्या नमुन्यांचे जीनोम वाचले, तेव्हा त्यात एकाहून जास्त वाण निघाले. मला कोडमधला बग शोधायची सवय, म्हणून हा भाग फार आवडला. एकाच जागेवरून हे पसरलं असतं, तर वाण एकच सापडला असता. म्हणजे बुरशी ज्याच्या त्याच्या जखमेत मातीबरोबरच आली होती.

आता उपचार. ही बुरशी रक्तवाहिन्यांत शिरते, तिथं रक्त गोठतं आणि पुढचं मांस मरतं. जिथं रक्तच पोचत नाही, तिथं सलाईनमधलं औषध तरी कसं पोचणार? म्हणून सर्जन मेलेलं मांस कापून काढतात, निरोगी भाग लागेपर्यंत, पुन्हा पुन्हा. जोडीला अँफोटेरिसिन-बी. हे औषध १९५०च्या दशकात व्हेनेझुएलातल्या मातीतल्या एका जिवाणूपासून मिळालं. किडनीला त्रास देतं, पण जीव वाचवतं. २०२१मध्ये ब्लॅक फंगसच्या वेळी आपल्याकडे ज्याच्यासाठी धावाधाव झाली, ते हेच.

त्याच सुमारास अफगाणिस्तानात पुरलेल्या बाँबवर पाय पडलेल्या अमेरिकन सैनिकांच्या जखमांतही अशा बुरशा सापडत होत्या. तिथं डॉक्टरांनी जखमा धुवायला डेकिन्स सोल्युशन वापरलं. हे पहिल्या महायुद्धातलं. केमिस्ट हेन्री डेकिन आणि सर्जन अलेक्सी कॅरेल यांनी फ्रान्समध्ये वापरात आणलेलं, मोजून विरळ केलेलं ब्लीच. (घरचं ब्लीच जखमेवर ओतायचं नाही हं!)

तेव्हा अपघातात जखमेत माती गेली असेल, तर डॉक्टरांना ते आवर्जून सांगा. आणि त्यांनी टाके न घालता जखम काही दिवस उघडी ठेवली, तर हलगर्जीपणा म्हणून भांडू नका. घाईनं शिवलेल्या जखमेत माती आत राहते, आणि बुरशीही.