राजी, पण खूश नाही

राजस्थानातल्या एखाद्या कोर्टात ‘दोनों पक्षों में राजीनामा हो गया’ असं ऐकलं, तर मराठी माणूस दचकेल. कोणी कशाचा राजीनामा दिला? कोणीच नाही. दोघांनी तडजोड केली, एवढंच. अरबीतलं ‘राजी’ म्हणजे संमत, फारसीतलं ‘नामा’ म्हणजे लेख. म्हणून राजीनामा हा मुळात संमतीचा कागद. तेलुगूत तर आजही नुसतं ‘राजी’ म्हणजे तडजोड, आणि ‘राजीनामा’ मात्र आपल्यासारखाच, नोकरी सोडण्याचा.

आपल्याकडे हा कागद सोडचिठ्ठीकडे कसा झुकला, याचा एक धागा जमिनीच्या दप्तरात दिसतो. मुंबई इलाख्यात खातेदार जमिनीवरचा हक्क सोडताना राजीनामा लिहून देई आणि नवा खातेदार कबुलायत. १८७९च्या जमीन महसूल कायद्याच्या काळात ही जोडी सर्रास चाले. सोडणारा ‘राजीखुशीने’ सोडतो, असं कागद म्हणे. खुशी किती असेल, ते सावकारालाच ठाऊक!

बोलीत मात्र ‘राजी’ने जुना अर्थ सोडलेला नाही. हापूस खायला कोणी ‘राजी होत’ नाही. बदलीच्या गावी जायला, धाकट्याला मोठी खोली द्यायला राजी होतो. आधीची कुरकुर त्या शब्दातच धरलेली असते.

‘रजा’सुद्धा याच घराण्यातली. मूळ अर्थ संमती, म्हणजे साहेबांची. त्यामुळे रजेचा अर्ज नामंजूर झाला म्हणून राजीनामा देणारा माणूस एकाच धातूशी दोनदा भांडत असतो.