लेडी मॅकबेथचा निद्राभ्रमण-प्रवेश

विल्यम शेक्सपिअर (१५६४–१६१६) याच्या ‘मॅकबेथ’ या शोकांतिकेतील पाचव्या अंकाचा पहिला प्रवेश. गुन्हा, अपराधभाव आणि आजार यांचा परस्परसंबंध दाखवणारा इंग्रजी साहित्यातील हा एक श्रेष्ठ प्रवेश होय. नाटक १६०६ च्या सुमारास लिहिले गेले आणि १६२३ च्या ‘फर्स्ट फोलिओ’ या त्याच्या नाट्यसंग्रहात प्रथम छापले गेले. कथानक इतिहासकार हॉलिन्शेडच्या बखरींवर आधारलेले आहे. तेथे मॅकबेथच्या पत्नीचा उल्लेख ओझरता येतो. तिचे झोपेत चालणे ही शेक्सपिअरची स्वतःची भर आहे.

प्रसंग : राजवैद्य आणि राणी लेडी मॅकबेथची सेविका रात्री पहारा देत आहेत. राणी झोपेत काय बोलते, हे सांगायला सेविका तयार नाही, कारण तिच्या बोलण्याला दुसरा साक्षीदार नाही. तेवढ्यात हातात दिवा घेऊन राणी येते. डोळे उघडे, पण दृष्टी नाही. हात धुतल्यासारखे ती ते एकसारखे चोळते. कधीकधी हे पाव तास चालते, असे सेविका सांगते. वैद्य तिचे शब्द टिपून घेतो. एरवी पद्यात बोलणारी राणी येथे तुटक गद्यात बोलते. राजा डंकनचे रक्त, सरदार मॅकडफची पत्नी, पुरलेला सरदार बँक्वो अशा, मॅकबेथने राज्य मिळवण्या-टिकवण्यासाठी केलेल्या वा करवलेल्या, तिन्ही हत्या तिच्या बोलण्यात येतात. प्रत्यक्ष सहभाग तिचा फक्त पहिल्या हत्येत होता. बँक्वोचा बेत तर मॅकबेथने तिच्यापासून लपवला होता. तरीही तिचे मन तिन्ही हत्यांचा भार वाहते. डंकनच्या खुनानंतर थोड्या पाण्याने सगळे धुऊन निघेल, असे नवऱ्याला बजावणारी हीच स्त्री होती, हे ध्यानात घेतले म्हणजे प्रवेशाची भेदकता कळते.

अर्थ : या रुग्णाला वैद्यापेक्षा धर्मोपदेशकाची गरज अधिक आहे, असे वैद्य म्हणतो. त्यामागे तत्कालीन विचार आहे. टिमथी ब्राइट या वैद्याने १५८६ मध्ये विषण्णतेवर लिहिलेल्या ग्रंथात शरीरातील दोषांमुळे येणारी खिन्नता आणि पापाच्या जाणिवेने होणारी मनाची तगमग यांत भेद केला होता. मात्र शेक्सपिअरचा वैद्य हात झटकत नाही. राणी स्वतःला इजा करील असे काही तिच्याजवळ ठेवू नये, तिच्यावर सतत नजर ठेवावी, असे तो बजावतो. पुढे मनाच्या दुखण्यावर औषध मागणाऱ्या मॅकबेथला तो सांगतो, की तेथे रोग्यानेच स्वतःचा उपचार करायचा असतो. जे कळले ते उघड बोलण्याचे धाडस मात्र त्याला होत नाही. ज्या राज्यात न्यायाची वाट बंद झाली आहे, तेथे आजारच कबुलीजबाब होतो. ऐकणारा मात्र भयाने गप्प राहतो. म्हणून या प्रवेशात आजार हा गुन्ह्यावरचा पडदा नाही आणि केवळ दैवी शिक्षाही नाही. जागेपणी दडपलेली सदसद्विवेकबुद्धी देहातून वाट काढते, हे त्याचे मर्म आहे.

परंपरा : सायमन फोरमन या ज्योतिषी-वैद्याने १६११ मध्ये लंडनच्या ग्लोब नाट्यगृहात ‘मॅकबेथ’चा प्रयोग पाहिला. राणीने झोपेत सारे कबूल केले आणि वैद्याने ते टिपले, याची त्याने आवर्जून नोंद केली. १७८५ मध्ये लंडनच्या ड्रुरी लेन नाट्यगृहात सेरा सिडन्स या अभिनेत्रीने रूढ संकेत मोडून हातातला दिवा खाली ठेवला आणि दोन्ही हात धुण्याचा अभिनय केला. विसाव्या शतकात मनोविश्लेषकांनी राणीच्या दुखण्याचे निदान केले. आयझडोर कोरिएटने १९१२ मध्ये तिला उन्मादाची रुग्ण ठरवले. सिग्मंड फ्रॉइडने १९१६ च्या निबंधात तिच्या अपत्यहीनतेकडे लक्ष वेधले. अशा निदानांनी लक्षणांवर प्रकाश पडतो, पण खून झाला आहे ही वस्तुस्थिती नजरेआड केली तर प्रवेशाचा नैतिक गाभाच निसटतो.

मराठीत शि. म. परांजपे यांचे ‘मानाजीराव’ आणि वि. वा. शिरवाडकर यांचे ‘राजमुकुट’ (१९५४) ही नाटके ‘मॅकबेथ’वर आधारलेली आहेत.